नांगीवाली शेवंड

सुटींत मुलीकडे फ्लॉरिडांत गेलों असतां ‘रेड लॉब्स्टर’च्या एका शाखेंत आम्ही उभयतां प्रथमच जेवलों. हें उपाहारगृह १९६८ सालीं तेथल्याच लेकलंड गांवीं निघालें; पुढें त्याच्या शेंकडों शाखा झाल्या. आपल्या कोंकणांतील शेवंडीला नांग्या नसतात. ताटांतल्या अटलांटिक शेवंडीला मात्र दोन दांडग्या नांग्या, आणि त्या फोडावयास अडकित्त्यासारखा चिमटा! मांस गोडसर, सोबत वितळलेलें लोणी. तिखट नाहीं, कोकम नाहीं. चीज-लसणाचीं ऊन बिस्किटें मात्र (खरें म्हणजे ते मऊ पावच) मीं तीन खाल्लीं. कोणत्याही शाखेंत जा, चव तीच, असें जांवई कौतुकानें सांगत होते. आमचें कुटुंब हळूच म्हणालें, “मग रांधणाऱ्याचा हात ओळखायचा कसा?” जांवयांनीं आणखी बिस्किटें मागविलीं.