तुटलेल्या तारेचे चित्र



रॉबर्ट चार्ल्स डडली या इंग्रज चित्रकाराचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. १८६५ साली ते ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळातील जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजावर चढले. आयर्लंडमधील व्हॅलेंशियापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी तारायंत्राची तार अंथरण्याचे काम या जहाजाकडे होते. १८५८ साली टाकलेली तार जेमतेम तीन आठवडे चालून मूक झाली होती.

डडली यांची दृष्टी केवळ भव्यतेवर खिळली नाही. ग्रिनिचच्या कारखान्यातील गटापर्चाने मढवलेल्या तारेची रिळे, जहाजाच्या पोटातील टाक्यांतून उलगडत जाणारी तार, समुद्रातून वर ओढलेल्या तारेतील दोष शोधणारी माणसे, तिची टोके सांधणारे हात, हे सारे त्यांनी निष्ठेने रेखाटले.

आणि २ ऑगस्ट उजाडला. सुमारे १,२०० मैल तार टाकून झाली होती. सदोष भाग वर ओढताना ती तुटली आणि दोन मैलांहून अधिक खोल पाण्यात गडप झाली. लोखंडी गळ टाकून तिचा शोध सुरू झाला. ती गळाला लागे, वर येऊ लागे आणि भार न पेलून दोर तुटे. अखेरीस दोर संपले, जहाज परतले.

अपयशाची चित्रे सहसा कोणी काढत नाही. डडली यांनी ती काढली. तार हरपल्यानंतरची जहाजाच्या नाळेवरील धावपळ आणि ११ ऑगस्टच्या शेवटच्या प्रयत्नाची तयारी, दोन्ही त्यांच्या चित्रांत आहेत. रसेल यांनी लिहिलेल्या मोहिमेच्या वृत्तान्तात ती चित्रे शिळाछापावर छापली गेली.

२७ जुलै १८६६ रोजी नवी तार पैलतीरी पोहोचली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हरवलेली तारही समुद्रतळातून वर काढून, सांधून पूर्ण करण्यात आली. पुढे १८७० मध्ये हेच जहाज मुंबईला आले आणि त्याने मुंबई ते एडन तार टाकली. पत्राला लागणारे आठवडे संदेशासाठी तासांवर आले. मोहिमेचे प्रवर्तक सायरस फील्ड यांनी डडली यांची चित्रे १८९२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. त्यांत यशाची चित्रे आहेत, तशीच तुटलेल्या तारेचीही.

शाळांच्या स्मरणिकांत गुणवंतांची छायाचित्रे असतात, आणि ती असावीतच. परंतु नापास होऊन त्याच बाकावर पुन्हा बसलेल्या मुलाचे छायाचित्र कोठेच नसते. वास्तविक शाळेचे खरे काम त्याच बाकाशी चालते. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना पदव्यांबरोबर स्वतःच्या तुटलेल्या तारेची गोष्टही सांगावी. पालकांनीही एका वर्षाच्या निकालाला मोहिमेचा शेवट मानू नये. १८६५ ची तार हरवली होती, संपली नव्हती.