पलासियाचा बसमार्ग आणि मुंबईची ट्राम



इंदूरच्या पलासिया चौकात जुना आग्रा-मुंबई रस्ता आणि महात्मा गांधी मार्ग एकमेकांस मिळतात. या आग्रा-मुंबई रस्त्याच्या मध्यभागी सुमारे बारा वर्षे बससाठी आखलेली स्वतंत्र मार्गिका होती. तिचा इतिहास अल्प असला, तरी त्यातून मिळणारा बोध मोठा आहे. तो ध्यानात यावा म्हणून प्रथम याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे मुंबईकडे वळू.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हा तिच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक. ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. शहर उत्तरेकडे वाढत गेले, तसे रूळही दादरपर्यंत पोचले. ट्रामचा जो गुण, तोच तिचा दोष ठरला. रुळांमुळे मार्ग निश्चित असे. परंतु वाटेत अडथळा आला, तर तिला बाजूने निघून जाता येत नसे. १५ जुलै १९२६ रोजी शहरात बस आली. पुढे मोटारींची संख्याही वाढली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी अखेरची ट्राम धावली. तथापि बस आणि ट्राम ही दोन्ही वाहने सदतीस वर्षांहून अधिक काळ सोबत चालली होती. ट्राम बंद झाली, त्या वेळी प्रवाशाच्या हाताशी दुसरे साधन होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

ट्रामचा निश्चित मार्ग रुळांवाचून बसला द्यावा, ही कल्पना ब्राझीलमधील कुरितिबा नगराने १९७४ मध्ये प्रत्यक्षात आणली. इंदुरात तशा बसमार्गाचा आरंभ १० मे २०१३ रोजी झाला. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत त्याची लांबी सुमारे साडेअकरा किलोमीटर होती. विजयनगर, पलासिया, गीता भवन, नवलखा आणि भंवरकुआँ ही त्यावरील काही स्थानके. तिकीट स्थानकातच मिळे आणि फलाट बसच्या तळाच्या उंचीचा असे. त्यामुळे वृद्धांना आणि मुले कडेवर घेतलेल्या मातांना चढण्या-उतरण्याचे कष्ट पडत नसत.

परंतु मधली मार्गिका राखून ठेवल्याने दोन्ही बाजूंच्या वाहनांना जागा अपुरी पडू लागली आणि तक्रारी वाढल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने हा मार्ग हटविण्याची घोषणा केली. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यास अनुमती दिली आणि त्यानंतर कठडे काढण्याचे काम सुरू झाले. ३१ मे २०२५ रोजी इंदुरात मेट्रो सुरू झाली खरी, परंतु तिच्या पहिल्या टप्प्यात पलासिया नव्हते.

मित्रहो, मोटारचालकांची अडचण खोटी नव्हती. तरीही रस्त्याचे मोजमाप करताना त्यावरून किती वाहने गेली एवढेच पाहणे पुरेसे नाही. किती माणसे गेली, हेही पाहावयास हवे. पन्नास प्रवाशांची एक बस आणि एकेक माणूस बसलेल्या पन्नास मोटारी यांना लागणाऱ्या जागेची तुलना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावी. गणिताचा हा पाठ नागरिकशास्त्राचाही ठरेल.

वाहतुकीचे मार्ग बदलतात आणि ते बदललेही पाहिजेत. मात्र जुना मार्ग काढण्यापूर्वी त्यावरील प्रवाशांची मोजणी व्हावी, नवी सोय आधी सुरू व्हावी आणि थांबे कोठे गेले याची सूचना ठळक अक्षरांत लागावी. खेड्यातून रुग्णालयात किंवा न्यायालयात आलेल्या माणसाला शहराची ओळख बसच्या थांब्यावरून होते. तो थांबा एकाएकी नाहीसा झाला, तर रिक्षाचे भाडे त्याच्याच खिशातून जाते. अधिकारीवर्गाने आराखडा तयार करताना या माणसाची गणना सर्वप्रथम करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.