बॅटरीची सायकल आणि दिल्लीचे रस्ते

आठवड्यातले पाच दिवस मी नोएडाच्या सेक्टर 37 मधून ओखल्याला कामावर सायकलने जातो. जायला साधारण 12 किलोमीटर, यायला तेवढेच. सायकलच्या मागच्या चाकात मोटर आहे. माझं वय 65. ‘दिल्लीत, या वयात, सायकल?’ असं मला नेहमी विचारतात, म्हणून हा विषय घेतला.

मोटर वेगासाठी आहे असं लोकांना वाटतं. तसं नाही. सिग्नल सुटला की पहिल्या दहा-पंधरा फुटांत साधी सायकल डगमगते आणि मागे बस, ई-रिक्षा सगळे हॉर्न वाजवत असतात. धोका तिथे असतो. पॅडल मारताच मोटर हात दिल्यासारखी ढकलते आणि सायकल सरळ निघते. कालिंदी कुंजला यमुना ओलांडताना उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, तेव्हाही तिचा आधार होतो.

36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॉट-अवर. बेताने वापरली तर किलोमीटरला दहाएक वॉट-अवर जातात, म्हणजे माझं जाणं-येणं भागून थोडी उरते. पूर्ण चार्जला अर्धं युनिटही वीज लागत नाही. फक्त मे-जूनमध्ये उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका, बॅटरी गार होऊ द्या.

कायदाही सोपा आहे. मोटर 250 वॉटपेक्षा कमी हवी आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत थांबायला हवी. मग लायसन्स नको, नोंदणी नको. बाजारात याहून जोरदार किट मिळतात, ती बसवली की सायकल मोटारवाहन ठरते. दुकानदार हे सांगत नाही.

आता दिल्लीचं बघा. 2022 मध्ये दिल्ली सरकारने पहिल्या 10,000 ई-सायकलींना 5,500 रुपयांपर्यंत अनुदान जाहीर केलं. चांगलं केलं. पण याच शहरात 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद बीआरटी सुरू झाली होती, बसची वेगळी लेन आणि सायकलची वेगळी वाट. गाडीवाल्यांनी ओरड केली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, 2012 मध्ये न्यायालयाने बीआरटीच्या बाजूने निकाल दिला. तरी 2016 मध्ये तो कॉरिडॉर मोडला. सैन्यात आम्ही आधी रस्ता बघायचो, मग कोणतं वाहन न्यायचं ते ठरवायचो. इथे उलटं झालं.

सकाळी ओखल्याला माझ्याबरोबर जे सायकलवाले असतात, ते बहुतेक कारखान्यातले कामगार. साध्या, जड, काळ्या सायकली. सिग्नलला विचारतात, ‘साहब, कितने की पडी?’ किंमत सांगितली की हसतात, कारण तो त्यांचा महिन्याचा पगार असतो. त्यांना परवडेल अशी मोटर येईलही उद्या. पण त्यांना आजच गरज आहे ती ट्रकपासून दोन हात लांब, न तुटणाऱ्या वाटेची.

तुम्हाला घ्यायचीच असेल, तर मग पुणे असो, इंदूर असो की बेळगाव, आधी साध्या सायकलवर रस्त्याची रेकी करा. रविवारी नाही, कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला. सर्व्हिस लेन कुठे संपते, उलट्या दिशेने मोटरसायकली कुठून येतात, ते टिपून ठेवा. माझ्या रस्त्यावर अशा तीन जागा आहेत. त्यातल्या एका ठिकाणी मी अजूनही उतरतो आणि सायकल हातात धरून पलीकडे जातो.