पडदा ताईंच्या हाती, माती मुलांच्या हाती
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळांचे प्रवेश सुरू झाले की बालवाड्यांच्या पाट्या नव्याने रंगतात. 'इंग्रजी माध्यम', 'प्रशस्त वर्ग' या शब्दांच्या शेजारी आता आणखी एक शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे 'डिजिटल'. चौकशीला आलेले पालकही विचारतात, "ताई, तुमच्याकडे मुलांना टॅब देता का?" तीन ते सहा वर्षांच्या मुलांमध्ये मी पंचवीस वर्षे काम करते आहे. पालकांच्या या प्रश्नाचा मला राग येत नाही. मूल मागे पडू नये, ही काळजी त्यामागे असते. पण त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. एवढे लहान मूल शिकते कसे?

'जड' आणि 'हलके' हे दोन शब्द घ्या. पडद्यावर हत्ती आणि पीस दाखवता येते. मूल हत्तीवर बोट ठेवते, टाळ्या वाजतात, धडा संपतो. पण हत्ती आणि पीस दोन्ही त्याच एका गुळगुळीत काचेवर असतात. बोटाला दोघांचे वजन सारखेच! तेच मूल पाण्याने भरलेली छोटी बादली दोन्ही हातांनी उचलते, वाकते, थोडे पाणी सांडते आणि म्हणते, "ताई, लई जड आहे." तो शब्द त्याला खांद्यातून, मनगटातून कळलेला असतो.

मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांमध्ये लाकडी दट्ट्यांचा एक ठोकळा असतो. प्रत्येक दट्ट्या त्याच्या मापाच्या खाचेतच नीट बसतो. चूक झाली की शेवटी एक दट्ट्या उरतो आणि एक खाच मोकळी राहते. कोणी रागवत नाही, कोणी शाबासकीही देत नाही. मूल स्वतःच बघते, विचार करते आणि पुन्हा मांडते. पडद्यावरच्या अनेक खेळांत मात्र मूल चारही चित्रांवर भराभर बोट टेकवत सुटते. एकदा टाळ्या वाजल्या की काम झाले! टाळ्या कशासाठी वाजल्या, हे त्याला ठाऊक नसते.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केले आणि पुढे १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधने गावात परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, दगड यांनाच साधने केले आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. ताराबाई आज असत्या तर त्यांनी मोबाइललाही दूर ठेवले नसते, असे मला वाटते. मात्र शिंपल्याला विचारावा तोच प्रश्न त्यांनी मोबाइललाही विचारला असता : तू या मुलाच्या कोणत्या कामाचा?

या प्रश्नाचे थोडे उत्तर संशोधनातून मिळते. अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली गेली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत होती, पुस्तक वाचत होती. काहींना तेच चित्रफितीवर दाखवले, तर काहींना फक्त ऐकवले. माणसाबरोबर खेळलेल्या बाळांना त्या भाषेतील ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. चित्रफीत पाहिलेल्या आणि नुसता आवाज ऐकलेल्या बाळांवर मात्र काही परिणाम दिसला नाही.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुले व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या व्यक्तीकडून नवे शब्द शिकली. आधी मुद्रित केलेल्या चित्रफितीवरून मात्र ती शिकली नाहीत. दोन्हीकडे पडदा होताच. फरक होता तो प्रतिसादाचा. परदेशातल्या नातवाशी रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलणारी आजी "काय रे, आज काय खाल्लंस?" असे विचारते आणि उत्तरासाठी थांबते, तेव्हा ती त्याला मराठी शिकवत असते. नुसती लावून दिलेली बडबडगीते ते काम करत नाहीत. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आम्हीही हेच अनुभवले. गटावर पाठवलेल्या चित्रफिती बहुतेक मुलांनी अर्धवट सोडल्या. पण एकेका मुलाला फोन करून पाच मिनिटे गप्पा मारल्या, तर मुले दुसऱ्या दिवशी त्या फोनची वाट बघत.

म्हणून आमच्या बालवाडीत मोबाइल असतो, पण तो ताईंच्या हातात. त्याचा उपयोग कसा करतो, ते सांगते.

पहिला उपयोग आवाजाचा. मूल गोष्ट सांगते, ताई ती मुद्रित करतात आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ऐकवतात. आपलाच आवाज ऐकून मूल आधी लाजते, मग सांगते, "असं नाही, आधी वाघ आला, मग ससा पळाला." हे स्वतःचे बोलणे स्वतः सुधारणे फार मोलाचे असते. एक वर्षी ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबातली एक मुलगी आमच्याकडे येत असे. घरची भाषा बंजारा, वर्गाची मराठी. पहिले काही आठवडे ती एक शब्दही बोलली नाही. ताईंनी तिच्या आईला विनंती करून घरचे एक गाणे मोबाइलवर घेतले आणि वर्गात लावले. मुलगी चटकन उठली, "याडी!" म्हणाली. याडी म्हणजे आई. मग सगळ्या वर्गाने तो शब्द तिच्याकडून शिकून घेतला. त्या दिवशी शिकवणारी ती होती.

दुसरा उपयोग हळू घडणारी गोष्ट दाखवण्याचा. मुले वाटीत मूग भिजवतात, पेरतात, रोज पाणी घालतात. आम्ही रोज एकाच जागेवरून एक छायाचित्र घेतो. दहा दिवसांनी ती छायाचित्रे ओळीने पाहिली की कोंब कसा वर आला ते मुलांना दिसते. तिसरा उपयोग, जे गावात नाही ते आणण्याचा. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना लाटेचा आवाज ऐकवतो, लाट दाखवतो, मध्येच थांबवून विचारतो, "आता पाणी कुठं जाईल?" मात्र आंब्याच्या दिवसांत आंबा पडद्यावर दाखवत नाही. तो हातात देतो, हुंगायला लावतो.

वेळेचेही भान हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. जितके कमी, तितके बरे. हा तास शाळेचा वेगळा आणि घरचा वेगळा असा नाही. जेवताना मोबाइल समोर धरून घास भरवले, तर तो तास घरीच संपला! केंद्र सरकारने २०२३ मध्ये या वयासाठी 'जादुई पिटारा' आणला. त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची पुस्तके आहेत, हे लक्षात घ्यावे.

पालकांनो, बालवाडी निवडताना टॅबची चौकशी जरूर करा, पण सोबत आणखी काही विचारा. इथे वाळू, पाणी, माती आहे का? एका ताईंकडे किती मुले आहेत? पडदा लावल्यावर ताई मुलांशेजारी बसतात, की दुसऱ्या कामाला जातात? दिवसभरात मूल किती बोलते? उत्तरे ऐकून झाली की पाच मिनिटे वर्गाबाहेर उभे राहा. आतून फक्त यंत्राचा आवाज येत असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेले असो, दुसरी बालवाडी पाहा. मुलांचा गलका ऐकू येत असेल, तर निर्धास्तपणे नाव घाला.