सोयरिकीचे कागद : इंग्रज उमराव घराण्यांच्या वंशावळींचा शोध



जेन ऑस्टेनच्या ‘पर्स्वेजन’ या कादंबरीतले सर वॉल्टर एलियट आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. बॅरोनेट घराण्यांची माहिती देणारा जाडजूड ग्रंथ उघडायचा आणि आपल्याच घराण्याचे पान पुन्हा पुन्हा वाचायचे, हा या गृहस्थांचा आवडता विरंगुळा. त्या पानावर त्यांनी स्वतःच्या हाताने धाकट्या मुलीच्या लग्नाची नोंद करून ठेवली आहे. वाचक सर वॉल्टरना हसतो आणि पुढे जातो. वंशावळीच्या अभ्यासकाने मात्र त्या हाताने लिहिलेल्या ओळीपाशी थांबावे. छापील वंशावळ बापाकडून मुलाकडे सरळ खाली उतरते. जमीन, पैसा, किताब, एवढेच काय, आडनावसुद्धा पुष्कळदा लग्नाच्या वाटेने आलेले असते. इंग्रज उमराव घराण्याचा इतिहास शोधायचा तर त्याच्या सोयरिकी शोधाव्या लागतात, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आधी या समाजाची रचना पाहू. वरच्या थरात ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या पाच पदव्यांचे उमराव. त्यांच्या खाली बॅरोनेट. ही वंशपरंपरागत पदवी पहिल्या जेम्स राजाने 1611 साली सुरू केली. त्याखाली ज्यांना इंग्रजीत ‘जेंट्री’ म्हणतात ते गावोगावचे जमीनदार. येथे एक गोष्ट आपल्या सवयीहून वेगळी आहे. आपल्याकडे वडिलार्जित मिळकतीत सगळ्या भावांचा हिस्सा. तिकडे किताब आणि बहुतेक सारी जमीन थोरल्या मुलाची. धाकट्यांनी सैन्य, चर्च, वकिली किंवा व्यापार पाहायचा. म्हणून ड्यूकचा नातू साधा वकील असणे ही तिकडे नवलाची गोष्ट नाही, आणि म्हणूनच वंशवेलीच्या आडव्या फांद्या दोन-तीन पिढ्यांत नजरेआड होतात.

या घराण्यांची माहिती देणारी छापील पुस्तके विपुल आहेत. जॉन बर्क यांचा ‘पीअरेज’ 1826 साली निघाला आणि पुढे घरोघरी पोचला. परंतु अशा पुस्तकांतला मजकूर बऱ्याच अंशी त्या-त्या घराण्यानेच पुरवलेला असे. आपला मूळपुरुष नॉर्मन विजेत्यांबरोबर 1066 साली आला, असे सांगण्याची हौस दांडगी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इतिहासकार फ्रीमन आणि त्यांच्यामागून होरेस राउंड यांनी अशा कितीतरी दंतकथांचा निर्दयपणे समाचार घेतला. त्याआधीही तपासणी अजिबात नव्हती असे नाही. 1530 ते 1688 या काळात राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, परगण्या-परगण्यांतून फिरत आणि ढालीवर चिन्ह मिरवणाऱ्यांना त्यांचा हक्क विचारत. पण त्यांच्यापुढेही पुरावा म्हणून अनेकदा घरच्यांचे तोंडी सांगणेच असे.

मग भरवसा ठेवायचा कशावर? लग्नाच्या कागदांवर. ते घराण्याची कीर्ती वाढवण्यासाठी लिहिलेले नसतात. पैशाचा आणि हक्काचा प्रश्न असतो, म्हणून ते जपून लिहिलेले असतात.

यातला पहिला कागद चर्चच्या नोंदवहीचा. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने 1538 साली प्रत्येक पॅरिशने बारसे, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला. 1598 पासून या नोंदींची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठवण्याची शिस्त लागली. मूळ वही वाळवीने किंवा ओलीने गेली तरी नक्कल हाती लागू शकते ती यामुळे. दुसरा कागद परवान्याचा. सामान्य माणसाच्या लग्नाची घोषणा चर्चमध्ये तीन रविवारी जाहीरपणे होई. बड्या घरांना तो चव्हाटा नको असे, म्हणून ते पैसे भरून परवाना काढत. त्यासाठी दिलेल्या शपथपत्रांत वय, गाव आणि पालकांची संमती सापडते. 1753 साली लॉर्ड हार्डविक यांचा विवाह-कायदा झाला. त्यापूर्वी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन कोणाचेही गुपचूप लग्न लावणारे पाद्री बसलेले असत. कायद्याने तो बाजार उठवला, आणि अभ्यासकाचे काम एकदम सोपे झाले.

तिसरा कागद सगळ्यांत मोलाचा : लग्नाचा करारनामा. दोन्ही घरांचे वकील बसून तो तयार करत. मुलगी किती रक्कम घेऊन येणार, नवरा वारला तर विधवेला दरसाल किती मिळणार, संसारात तिच्या हातखर्चाला काय, धाकट्या मुलांना काय, आणि जमीन कोणत्या क्रमाने कोणाकडे जाणार, हे सारे त्यात असे. सतराव्या शतकापासून या करारांनी जमीन अशी बांधून टाकली जाऊ लागली की हयात मालकाला ती विकता येऊ नये; त्याने उत्पन्न खावे आणि मिळकत अभंग पुढच्या पिढीच्या हवाली करावी. या बंधनात एक फट होती. थोरला मुलगा 21 वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा मिळून ते मोडू शकत. फट लहान होती, पण एक अख्खे घराणे तिच्यातून खाली गेले. त्या घराण्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

बकिंगहॅमशर परगण्यात वॉटन नावाच्या गावी ग्रेनव्हिल हे जमीनदार घराणे होते. खाऊनपिऊन सुखी, पण किताब नाही. या घरातल्या रिचर्ड ग्रेनव्हिलने 1710 साली हेस्टर टेंपल हिच्याशी लग्न केले. तिचा भाऊ स्टो या भव्य वाड्याचा धनी होता. 1718 साली राजाने त्याला व्हायकाउंट कोबम केले. त्याला मूल नव्हते. म्हणून सनदेत अशी तजवीज झाली की त्याच्यामागे किताब बहीण हेस्टर आणि तिच्या पुरुषवंशाकडे जावा. तो वंश खुंटला तर दुसरी बहीण क्रिश्चन आणि तिच्या पुरुषवंशाकडे जावा. हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

1749 साली भाऊ वारला आणि स्टो हेस्टरच्या घरात आले. मुलाने आडनाव केले ग्रेनव्हिल-टेंपल. हेस्टरचे कर्तृत्व वंशावळीत एका ओळीचे आहे. तरी तिच्याभोवतीची माणसे मोजून पाहा. तिचा मुलगा जॉर्ज ग्रेनव्हिल पंतप्रधान झाला. जावई थोरला विल्यम पिट, तोही पंतप्रधान. नातवांपैकी धाकटा पिट आणि विल्यम ग्रेनव्हिल हे दोघेही पंतप्रधान. नुसती पुरुषांची ओळ वाचणाऱ्याला दोन ग्रेनव्हिल एका पानावर दिसतील आणि दोन पिट दुसऱ्या पानावर. दोन्ही पाने जोडणारी गाठ म्हणजे ही बाई आणि तिच्याच नावाची तिची मुलगी.

पुढच्या पिढीने हाच रस्ता धरला. 1775 साली जॉर्ज या नातवाचे लग्न अर्ल नुजंट यांची कन्या मेरी हिच्याशी झाले, आणि आडनावात नुजंट आले. त्याच्या मुलाचे लग्न 1796 साली चँडोसच्या शेवटच्या ड्यूकची एकुलती एक मुलगी ॲना एलायझा ब्रिजेस हिच्याशी झाले. 1822 साली तो जावई बकिंगहॅम आणि चँडोसचा ड्यूक झाला. आता आडनाव होते टेंपल-नुजंट-ब्रिजेस-चँडोस-ग्रेनव्हिल. पाच शब्दांच्या या आडनावात घराण्याचे मूळ नाव सर्वांत शेवटी उरले. पुढचे चारही शब्द सुनांनी आणले.

कुलचिन्हांची भाषा हेच चित्रात सांगते. भाऊ नसलेली मुलगी लग्न करून आली, की तिच्या माहेरचे चिन्ह तिच्या मुलांच्या ढालीवर एक खण मिळवते. स्टोच्या वाड्यासाठी रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रफलकावर असे 719 खण आहेत. पाहणाऱ्याला तो पूर्वजांचा डौल वाटतो. वाचता येणाऱ्याला ती वारस कन्यांची यादी आहे.

याच यादीत एक लग्न असे आहे की जे सिद्ध झाले असते तर इंग्लंडच्या गादीचा क्रम बदलू शकला असता. आठव्या हेन्रीने मृत्युपत्रात आपल्या मुलांनंतर धाकटी बहीण मेरी हिच्या वंशाला वारसा दिला होता. मेरीची नात लेडी कॅथरिन ग्रे हिने 1560 च्या अखेरीस हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमूर याच्याशी गुपचूप लग्न केले. साक्षीदार एकच, नवऱ्याची बहीण. ती पुढच्याच वर्षी वारली. पाद्री कोण होता हे दोघांना सांगता येईना. नवऱ्याने लिहून दिलेला कागद कॅथरिनकडून हरवला. पहिल्या मुलाचा जन्म लंडनच्या टॉवरमध्ये, कैदेत झाला. 1562 साली एलिझाबेथ राणीने नेमलेल्या मंडळाने लग्न अग्राह्य ठरवले, आणि मुलांवर अनौरस असा शिक्का बसला. कॅथरिन 1568 साली नजरकैदेतच वारली. 1603 साली गादी स्कॉटलंडच्या जेम्सकडे गेली. कॅथरिनचा वंश सीमूर, ब्रूस आणि ब्रिजेस अशा लग्नांच्या पायऱ्या उतरत ॲना एलायझापर्यंत, म्हणजे स्टोच्या वाड्यापर्यंत आला. एका हरवलेल्या कागदाची किंमत काय असते ते यावरून ताडावे.

लग्नांनी मिळवलेले हे वैभव टिकले मात्र नाही. दुसऱ्या ड्यूकची उधळपट्टी अफाट होती. त्याचा मुलगा 1844 साली 21 वर्षांचा झाला आणि बापाने त्याची सही घेऊन जमिनीवरचे बंधन मोडवले. कर्ज 10 लाख पौंडांच्या वर गेलेले. 1848 साली स्टोच्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव 40 दिवस चालला. त्यातून सुमारे 75 हजार पौंड आले. ज्या मुलाने सही दिली होती, तो पुढे रेल्वे कंपनीचा अध्यक्ष म्हणून राबला, आणि 1875 ते 1880 या काळात मद्रासचा गव्हर्नर होता. आंध्र आणि तामिळनाडूच्या किनाऱ्याने जाणारा बकिंगहॅम कालवा याच तिसऱ्या ड्यूकच्या नावाचा. त्याच्याच कारकिर्दीत 1876–78 चा भीषण दुष्काळ पडला, आणि कालव्याचे काही काम दुष्काळी मजुरांनी केले.

तिसऱ्या ड्यूकला तीन मुली, मुलगा नाही. 1889 साली तो वारला आणि ड्यूकपद बुडाले. आता 1718 च्या सनदेतले ते वाक्य आठवा. हेस्टरचा पुरुषवंश संपला होता. धाकटी बहीण क्रिश्चन हिचे लग्न हॅगलीच्या लिटलटन घराण्यात झाले होते. व्हायकाउंट कोबम हा किताब 171 वर्षांनी तिच्या वंशजाकडे गेला. ब्रूस घराण्याकडून आलेला किनलॉसचा किताब स्त्रीवारसाला चालत होता. तो थोरली मुलगी मेरी हिला मिळाला. एकाच मृत्यूनंतर किताबांना वेगवेगळ्या वाटा फुटल्या, आणि प्रत्येक वाट कुठल्या ना कुठल्या लग्नाने आधीच आखून ठेवलेली होती. स्टोचा वाडा 1921 साली विकला गेला. 1923 पासून तिथे शाळा भरते.

धाकट्या मुलांचे काय झाले, या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या देशात आहे. जमीन न मिळालेले कितीतरी जण कंपनीच्या नोकरीत येथे आले. मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतली बारशी, लग्ने आणि दफने यांच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. महू किंवा बेळगावच्या छावणीतल्या चर्चमध्ये लागलेले एखादे लग्न इंग्लंडमधल्या एखाद्या तुटलेल्या फांदीचा सांधा असू शकते.

ज्याला हा शोध स्वतः घ्यायचा आहे त्याने अलीकडून पलीकडे जावे. 1 जुलै 1837 पासून सरकारी विवाहनोंद आहे आणि तिच्यात वधू-वर दोघांच्याही वडिलांची नावे मिळतात. त्याआधी पॅरिशची वही, परवाना, करारनामा. मृत्युपत्रे 1858 पर्यंत चर्चच्या न्यायालयांत नोंदली जात. त्यांत लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या आडनावाने भेटतात. प्रत्येक पिढीत ‘ही कोणाची मुलगी?’ हा प्रश्न आधी विचारावा, मूळपुरुषाची घाई करू नये.

आपल्या घरांतही कुलवृत्तांत आहेत. इंग्रज स्त्री लग्नानंतर आडनाव सोडते, पण बारशाचे नाव तिच्याजवळ राहते. आपल्याकडे पुष्कळ घरांत तेही बदलले गेले. त्यामुळे आपल्या पणजीचा शोध हेस्टर टेंपलच्या शोधापेक्षा कठीण आहे; तिच्यासाठी करारनामा नाही, परवाना नाही, ढालीवरचा खण नाही. जी माणसे मुलुख सोडून दूर येऊन वसली त्यांच्या बाबतीत तर माहेरचे गावही विसरले जाते. ज्यांच्या घरात अजून सांगणारे कोणी आहे त्यांनी वहीच्या एका पानावर आजी-पणजीचे माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, गाव आणि लग्नाचे साल लिहून घ्यावे, आणि ते कोणी सांगितले तेही खाली नोंदवावे.