दुसऱ्याच्या घरातला चिखल



परोपकारावर व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक आणि तिने शिकवलेला धडा, एवढेच आज सांगणार आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरीना’ हे चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्स शहराचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली, बशीसारखा आहे. वाऱ्यापेक्षा तेथे पाण्यानेच अधिक घात केला. पूर अडवणाऱ्या भिंती आणि बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर बुडाले. काही भिंती तर पाणी माथ्यावर पोहोचण्याआधीच पायातून सरकल्या. म्हणजे हा निव्वळ दैवाचा कोप नव्हे. त्यात माणसाच्या बांधकामाचाही दोष होता.

२००६ च्या फेब्रुवारीत मी टेक्सासला मुलाकडे राहत होतो. शेजाऱ्यांच्या चर्चमधली एक तुकडी तिकडे निघाली होती. मीही येऊ का, म्हणून विचारले. “पहार उचलता येईल ना?” एवढाच उलट प्रश्न आला. जात-धर्म कोणी विचारला नाही.

ही तेथील जुनी रीत आहे. मेनोनाइट पंथीयांनी १९५० साली कॅन्सास राज्यात अशा कामासाठी संघटना उभारली. सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी १९६७ साली ब्यूला वादळानंतर टेक्सासात लोकांना जेवण शिजवून घातले, तेथून त्यांच्या कामाची सुरुवात झाली. कोणी रांधतो, कोणी पडलेली झाडे कापतो, कोणी घरे उपसतो. आमच्या वाट्याला घरे आली.

आपल्याकडे पूर ओसरला की घर धुऊन काढतात. तिथे घर सोलावे लागते! लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेले जिप्समचे तक्ते, अशी त्या भिंतींची बांधणी. तक्ते पाणी पितात आणि आत बुरशी माजते. म्हणून तक्ते फोडायचे, खिळे उपटायचे, चिखल भरलेले गालिचे कापून बाहेर ओढायचे आणि लाकूड वाळू द्यायचे. फ्रीज मात्र उघडायचा नाही. दार घट्ट बांधून तसाच बाहेर न्यायचा. महिनोन्‌महिने बंद पडलेल्या फ्रीजमध्ये काय असेल, ते सांगायला नको. दारांवर शोधपथकांनी रंगाने काढलेल्या फुल्या होत्या. त्या फुलीच्या एका कोनात आत सापडलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला असे. आमच्या घरावर शून्य होते. ते पाहून हायसे वाटले.

घराची मालकीण सत्तरीची. ती अंगणात खुर्चीवर बसून होती. मी उत्साहाने कामाला भिडलो. एक भिजलेली, फुगलेली पेटी हाती लागली, ती रस्त्यावरच्या ढिगात फेकली. दुपारी बाईंनी हळूच विचारले, “माझी निळी पेटी दिसली का?” तीत त्यांच्या दिवंगत यजमानांचे फोटो होते.

माझ्या पायांखालची जमीन सरकली. आमचा नायक म्हणजे एक निवृत्त सुतार. तो मला एक शब्दही बोलला नाही. त्याने सगळ्यांचे काम थांबवले आणि आम्ही आठही जण तासभर तो ढीग उपसत राहिलो. पेटी सापडली. फोटो एकमेकांना चिकटले होते. दोनच सुटे निघाले. बाई ते दोन मांडीवर घेऊन बसल्या.

संध्याकाळी नायक म्हणाला, “आपण चिखल काढायला आलो, घर काढायला नाही. कचरा कोणता ते घरधन्याने ठरवायचे.” त्या दिवसापासून प्रत्येक वस्तू त्यांना दाखवूनच बाहेर जाऊ लागली. काम निम्म्यावर आले. पण बाई खुर्ची सोडून दारात आल्या, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच हुकूम सोडू लागल्या!

आपल्यापैकी कोणी विचारील, “हे सारे धर्मप्रसारासाठी नव्हते कशावरून?” प्रश्न रास्त आहे. सकाळी प्रार्थना होई. मी मागे उभा राही. निघताना त्यांनी बाईंना विचारून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. श्रद्धा त्यांनी लपवली नाही. पण मदतीची किंमत म्हणून ती कोणापुढे ठेवलेलीही मी पाहिली नाही. सगळ्याच तुकड्यांची ग्वाही मी देणार नाही. पाहिले तेवढेच सांगतो.

आणि आठ पहारींनी फुटका बांध बांधला जात नाही, हेही खरे. ते काम सरकारचे, आणि त्याचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे. पण तो बांध होईपर्यंत कोणीतरी त्या बाईंच्या दारात उभे राहायला हवे. तसे उभे राहण्याची वेळ आपल्यावर आली, तर हात घालण्यापूर्वी एवढेच विचारा: “हे टाकू का?”