मेरेरची रोजनिशी आणि खुफूचा पिरॅमिड



तांबड्या समुद्राच्या काठी इजिप्तमध्ये वादी अल-जर्फ नावाची एक ओसाड जागा आहे. तिथल्या डोंगरात प्राचीन काळी भुयारं खोदली होती आणि त्यांची तोंडं मोठमोठ्या दगडांनी बंद केली होती. 2013 साली पिएर ताले यांच्या फ्रेंच-इजिप्शियन पथकाला त्या दगडांच्या सांदीत पपायरसचे तुकडे सापडले. मजकूर लिहिलेला याहून जुना पपायरस आजवर जगात कुठेही मिळालेला नाही. त्यात होती मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी. साडेचार हजार वर्षांपूर्वी गीझाच्या महापिरॅमिडसाठी दगड वाहून नेणाऱ्या टोळीचा हा प्रमुख.

मेरेरच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती. नाईलच्या पूर्वेकडे तुरा इथे चुनखडीच्या खाणी आहेत. तिथला पांढरा, बारीक पोताचा दगड होडीत भरायचा, नदी आणि कालव्यांतून गीझाच्या पायथ्याशी आणायचा, उतरवायचा आणि पुन्हा खाणीकडे निघायचं. दहा दिवसांत अशा दोन-तीन खेपा. रोजनिशीत कौतुकाचा एक शब्द नाही. आज दगड भरले, आज निघालो, आज अमक्या ठिकाणी मुक्काम, एवढंच. गीझाजवळच्या धक्क्यावर कामाची देखरेख अन्खहाफ करत होता, म्हणजे खुद्द राजा खुफूचा सावत्र भाऊ. सोबतच्या कागदांवर शिध्याचे हिशेब आहेत: यायचं किती, आलं किती, बाकी किती. काळ्या आणि तांबड्या शाईत मांडलेले हे रकाने पाहिले की पिरॅमिड कसा उभा राहिला, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

कारण कामाचा पसाराच तसा होता. पायाची प्रत्येक बाजू सुमारे 230 मीटर, मूळ उंची 146 मीटरांहून अधिक, आणि दगड अंदाजे 23 लाख. बांधकाम पंचवीस वर्षं चाललं आणि रोज दहा तास काम झालं असं धरलं, तर दर अडीच मिनिटांना एक चिरा जागेवर बसायला हवा. तोही कसाबसा नव्हे. चारही बाजूंच्या लांबीत फरक आहे तो काही सेंटिमीटरांचा, आणि बाजू उत्तर-दक्षिण दिशेला इतक्या नेमक्या लागल्या आहेत की चूक एका अंशाच्या पंधराव्या भागाच्या आसपास भरते. होकायंत्र नसताना हे तारे किंवा सूर्याची सावली पाहूनच साधलं असणार.

हे कौशल्य एका पिढीत आलेलं नाही. खुफूचा बाप स्नेफ्रू याने दहशूरला बांधलेला पिरॅमिड आजही वाकडा दिसतो. खाली सुमारे 54 अंशांचा चढ, आणि मध्यावरून एकदम 43 अंश. काम चालू असतानाच जमीन खचू लागली, आतल्या दालनांना तडे गेले, म्हणून वरचा भार कमी करावा लागला. पुढचा, तांबडा पिरॅमिड त्यांनी मुळापासूनच 43 अंशांवर ठेवला. गीझाला मात्र खाली भक्कम खडक होता आणि अनुभव गाठीशी होता. तिथे चढ जवळजवळ 52 अंशांचा झाला. दर 28 बोटं उंचीला 22 बोटं आत, असं सोपं प्रमाण गवंड्याला दिलं की झालं.

खरी कसोटी होती आतल्या राजदालनाची. त्याचं छत नऊ ग्रॅनाइटच्या तुळयांचं, मिळून वजन सुमारे 400 टन. हा ग्रॅनाइट 800 किलोमीटर दूर, दक्षिणेतल्या अस्वानहून नाईलमार्गे आला. छतावर एकावर एक पाच पोकळ कप्पे आहेत आणि सर्वांत वर तिरप्या दगडांचं आढं, म्हणजे वरचा भार बाजूंना वळतो. तुळयांना भेगा पडल्या आहेत, पण छत पडलेलं नाही. 1837 साली यातले वरचे चार कप्पे उघडले, तेव्हा दगडांवर तांबड्या रंगात टोळ्यांची नावं दिसली. त्यातल्या एका टोळीचं नाव होतं ‘खुफूचे सोबती’. कुणाच्या नजरेला पडायची नव्हती अशा जागी त्यांनी हे लिहून ठेवलं.

बहुतेक दगड मात्र जवळचाच, पिरॅमिडच्या दक्षिणेकडच्या खाणीतला. तांब्याच्या छिन्न्या, कठीण दगडाचे हातोडे, लाकडी घसरगाड्या आणि दोरखंड, एवढीच हत्यारं. एका जुन्या थडग्यातल्या चित्रात माणसं प्रचंड पुतळा ओढताहेत आणि एकजण घसरगाडीपुढे पाणी ओततो आहे. आधी तो धार्मिक विधी समजला जाई. 2014 साली ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी वाळूवर प्रयोग केला, तेव्हा दिसलं की योग्य प्रमाणात भिजवलेल्या वाळूवर ओढायला जवळपास निम्मा जोर लागतो. दगड उंच चढवण्यासाठी उतरणी बांधल्या. त्यांची नेमकी ठेवण कशी होती यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण हतनुबच्या खाणीत खुफूच्या काळातली तीव्र चढाची उतरण सापडली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांसाठी खळगे आहेत.

आणि माणसं? पिरॅमिडच्या दक्षिणेला मार्क लेनर यांच्या पथकाने कामगारांची वस्ती उकरून काढली. तिथे मोठ्या बेकऱ्या मिळाल्या. मातीच्या जाड, घंटेच्या आकाराच्या भांड्यांत भाकरी भाजत असत. गुरं, मेंढ्या आणि शेळ्यांची हाडंही ढिगाने मिळाली. 1990 पासून झाही हवास यांनी जवळच कामगारांची थडगी खणली. तिथल्या सांगाड्यांच्या पाठीचे मणके झिजलेले आहेत, पण मोडलेली हाडं नीट जुळवलेलीही आहेत. अंगमेहनत जीव काढणारी होती, यात शंका नाही. पण ज्यांची हाडं वैद्याने बसवली आणि ज्यांना राजाच्या पिरॅमिडशेजारी पुरलं, त्यांना साखळदंडातले गुलाम म्हणता येत नाही.

तरीही हे काम परग्रहावरच्यांनी केलं अशी पुस्तकं आणि चित्रफिती आजही खपतात. श्रोतेहो, असं कुणी तुमच्यापुढे सांगू लागलं, तर त्यांना मेरेरचं नाव जरूर सांगा आणि त्याच्या हिशेबाचे रकानेही दाखवा.